आप्पांसाठी टीव्ही आत्ता घ्यावा, की नवीन तंत्राची वाट बघावी?

गावभाग_सांगली
२४ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:१०

नमस्कार. प्रश्न टीव्हीचा आहे, पण थोडं घरचं सांगावं लागेल, नाहीतर सल्ला देणाऱ्याला अंदाज येणार नाही.

आमच्याकडे २०१२ साली घेतलेला ४२ इंची प्लाझ्मा होता. गेल्या गुरुवारी बंद पडला तो पडलाच. याआधी दोनदा त्याचा पॉवर बोर्ड दुरुस्त करून घेतला होता. २०१९ च्या पुरात मी आणि शेजारच्या दादांनी तो चादरीत गुंडाळून जिन्यावरून वर नेला. खालच्या हॉलमध्ये कमरेएवढं पाणी आलं, सोफा गेला, फ्रीज गेला, आईचं शिलाई मशीन गेलं, हा तेवढा राहिला. या वेळी मात्र दुरुस्तीवाले म्हणाले की पॅनलच गेलंय आणि प्लाझ्माचं पॅनल आता कुठं मिळणार नाही.

टीव्ही बघणार आप्पा, म्हणजे माझे वडील, वय ७८. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं, डाव्याचं व्हायचंय. पडद्यापासून खुर्ची ९ फुटांवर (टेपने मोजलंय). हॉलला पूर्वेची मोठी खिडकी, सकाळी ऊन थेट टीव्हीच्या भिंतीवर येतं. आई स्वयंपाकघराच्या दारात बसून बघते, ते बरंच तिरकं पडतं.

आप्पांचा दिवस असा: सकाळी कीर्तन, दुपारी बातम्या, संध्याकाळी आईच्या मालिका, आणि मॅच असेल तर बाकी सगळं बंद. मुलींच्या क्रिकेटवर त्यांचा फार जीव आहे, कारण स्मृती मानधना आमच्या सांगलीची, माधवनगरची. येत्या ३० तारखेला मुलींचा वर्ल्ड कप सुरू होतोय. कॅलेंडरवर भारताच्या मॅचच्या तारखांना त्यांनी पेन्सिलीने गोल करून ठेवलेत.

माझं बजेट ७५ हजार. परवा घटस्थापनेपासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, म्हणून घेऊनच टाकू असं ठरवलं होतं. पण पुण्याचा भाऊ म्हणतो थांब. आता आरजीबी मिनी एलईडी आलाय, मागोमाग मायक्रो एलईडी येतोय, वर्ष-दीड वर्षात आजचे सगळे टीव्ही भंगार होतील. तोवर आप्पांना टॅब दे. त्याचा अभ्यास माझ्यापेक्षा जास्त आहे आणि तो निम्मे पैसे देणार आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं मला बाजूला टाकता येत नाही.

खरंच थांबावं का? आमचा आधीचा टीव्ही १३ वर्षं चालला. हाही तेवढा चालावा अशी इच्छा आहे, म्हणून चूक व्हायला नको.

---

गोदाकाठ
२४ सप्टेंबर, दुपारी १:३०

मी तुमच्या भावाच्या बाजूने बोलतो. थांबल्याचा मला फायदा झालाय. २०१३ साली ५५ इंची ओलेड (ज्यात मागे दिवे नसतात, प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो) पहिल्यांदा अमेरिकेत विकायला आला तेव्हा किंमत १५ हजार डॉलर होती. मी फोटो बघायचो आणि गप्प बसायचो. जुना एलसीडी ताणत ताणत २०२१ पर्यंत नेला, तोवर तोच आकार मला परवडेल इतका खाली आला होता. मग घेतला. रात्री दिवे घालवून बघताना काळा रंग खरोखर काळा दिसतो, शेजारची भिंत आणि पडदा यात फरक कळत नाही. २०१५ मध्ये घाई केली असती तर हे मिळालं नसतं.

दुसरं उदाहरण थ्रीडी टीव्हीचं. २०१० मध्ये माझ्या मेव्हण्याने मुद्दाम जास्त पैसे मोजून घेतला. २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी थ्रीडी बनवणंच सोडून दिलं. त्याचे चष्मे आता मुलं खेळायला वापरतात.

फक्त एक आहे, मी थांबलो तेव्हा माझा जुना टीव्ही चालू होता.

---

जुनी_पिक्चरट्यूब
२४ सप्टेंबर, रात्री ८:०५

ताई, माझं विट्याला दुरुस्तीचं दुकान आहे. १९८२ साली पुण्यात तपकीर गल्लीत एका दुकानात उमेदवारीला होतो, तेव्हापासून हेच करतोय. त्या वर्षी नोव्हेंबरात दिल्लीत एशियाड होतं आणि त्याच साली दूरदर्शन रंगीत झालं. आमच्या मालकांच्या दुकानात कृष्णधवल सेटची थप्पी लागलेली. गिऱ्हाईक यायचं, हात लावून बघायचं आणि म्हणायचं, रंगीत येतोय, थांबतो. काहीजण काचेवर लावायचा रंगीत प्लॅस्टिकचा कागद घेऊन जायचे. वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं दिसायचं, तरी लोक खूश असायचे.

त्या वेळी थांबणारे बरोबर होते, हे मी मान्य करतो. कारण रंग येणार हे सरकारने जाहीर केलं होतं, प्रक्षेपणच बदलणार होतं. आज तसं काही आहे का ते बघा. तुमच्या आप्पांचं कीर्तन आणि बातम्या साध्या एसडी चॅनेलवर असतील तर चित्रात येतात ७२० गुणिले ५७६ ठिपके, म्हणजे चार लाख पंधरा हजारांच्या आसपास. ४के पडद्यावर आहेत ८३ लाख. बरोबर वीसपट. उरलेले एकोणीस हिस्से टीव्हीच्या आतली चिप अंदाजाने भरते. उद्या मायक्रो एलईडी घरात आणला तरी केबलवाला चित्र तेच पाठवणार आहे. त्यामुळे आधी सेटटॉप बॉक्सचं पॅकेज बदलून मराठी एचडी चॅनेलं घ्या, तो फरक आप्पांना त्याच दिवशी दिसेल.

आता भावाच्या म्हणण्याबद्दल. सगळे एलईडी टीव्ही म्हणजे मूळचे एलसीडीच. पुढे झडपांचा पडदा, मागे दिवे. साध्या टीव्हीत मागे पट्ट्यांवर मोजके दिवे असतात. मिनी एलईडीत तेच दिवे बारीक करून शेकड्यांनी, हजारांनी बसवतात आणि त्यांचे गट पाडतात. चित्रात जिथे काळोख तिथला गट मंद होतो. आरजीबी मिनी एलईडीत पांढऱ्या किंवा निळ्या दिव्याऐवजी मागेच लाल, हिरवे, निळे दिवे असतात, त्याने रंग जास्त शुद्ध येतात. तंत्र चांगलं आहे, त्यात खोट नाही. पण या वर्षी हायसेन्सने आणला तो ११६ इंची, आणि सॅमसंगने ऑगस्टमध्ये आणला तो ११५ इंची, अमेरिकेत किंमत ३० हजार डॉलर. गावभागातल्या जिन्यावरून तो वर जायचा नाही, ताई, आणि पूर तर पुन्हा येऊ शकतो.

ओलेडचं चित्र सगळ्यात सुंदर, हे वरच्या दादांचं खरं आहे. पण तुमच्या घरी मी तो सुचवणार नाही. एक तर सकाळचं ऊन. दुसरं म्हणजे ओलेडचा प्रत्येक ठिपका स्वतः जळतो आणि झिजतो. जो भाग सतत पेटलेला तो आधी झिजतो. माझ्याकडे एक पॅनल आलं होतं, चालू केल्यावर कुठलंही चॅनेल लावा, खाली बातम्यांची पट्टी आणि कोपऱ्यात चॅनेलचा शिक्का भुतासारखा दिसायचा. त्या घरात आजोबा दिवसभर बातम्या बघायचे. नव्या पॅनलमध्ये झीज बरीच कमी केलीय, तरी दुपारभर बातम्या आणि दिवसभर स्कोअरकार्ड असलेल्या घरात मी जोखीम घेणार नाही.

आणि १३ वर्षांचं म्हणाल तर हल्लीच्या टीव्हीत पहिल्यांदा जातात ते मागचे दिवे. आवाज येतो, चित्र नाही. टॉर्च मारून बघितलं की पडद्यावर अंधुक माणसं हलताना दिसतात. कारण काय, तर दुकानातून आणल्यापासून ब्राइटनेस शंभरावर. पहिल्याच दिवशी बॅकलाइट ५०-६० वर आणा, सकाळी उन्हात लागला तर वाढवा. पावसाळ्यात कडकडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि केबलची वायर दोन्ही काढा. वीज वायरीतून येते तशी केबलमधूनही येते. एचडीएमआयचे जळलेले बोर्ड मी दर जूनमध्ये बघतो.

---

गावभाग_सांगली
२४ सप्टेंबर, रात्री ९:२०

काका, खूप आभार. सेटटॉप बॉक्सचं पॅकेज एसडीचंच आहे, उद्याच बदलते. इतकी वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं.

टॅब देऊन बघितला. आप्पा हातात धरून दहा मिनिटं बघतात, मग मांडीवर पालथा ठेवून झोपतात.

---

सॅन_होजे_चा_नंदू
२५ सप्टेंबर, सकाळी ७:४५

तुमच्याकडे २५ तारीख लागली, माझ्याकडे अजून २४ सप्टेंबरची संध्याकाळ आहे. म्हणूनच लिहायला बसलो.

२००५ मध्ये मी इथे नवीन घर घेतलं आणि टीव्ही घ्यायचा होता. तेव्हा प्लाझ्मा की एलसीडी असा वाद होता, पण माझ्यासारख्या वाचणाऱ्यांच्या तोंडी तिसरंच नाव होतं, एसईडी. कॅनन आणि तोशिबा मिळून बनवत होते. जुन्या पिक्चर ट्यूबसारखाच इलेक्ट्रॉन काचेवर आपटून उजेड पडायचा, फक्त एका मोठ्या गनऐवजी प्रत्येक ठिपक्यामागे स्वतःचा बारीक स्रोत. म्हणजे ट्यूबचे रंग आणि काळेपणा, आणि तरी भिंतीवर टांगण्याएवढा चपटा. लास वेगासच्या प्रदर्शनात ज्यांनी नमुना बघितला ते भारावून लिहायचे. मी ठरवलं, घेईन तर हाच. घरात विद्यार्थीदशेतला १९ इंची ट्यूब टीव्ही होता, तो ठेवला.

२००७ च्या जानेवारीत पेटंटच्या वादातून तोशिबा बाहेर पडली. तरी मी थांबलो. त्या उन्हाळ्यात बाबा आले, सहा महिन्यांसाठी. आज बरोबर १८ वर्षं झाली, पहिल्या टी-२० वर्ल्ड कपची फायनल, जोहान्सबर्गला. आमच्याकडे पहाटे पाच. बाबा स्वेटर घालून त्या १९ इंचांसमोर स्टूल घेऊन बसले होते, अगदी दोन फुटांवर. त्यांच्याही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शेवटच्या षटकात मिसबाहने मागे उचललेला चेंडू वर गेला आणि बाबा म्हणाले, "कुठं गेला रे? कुठं गेला?" श्रीशांतने तो धरला हे त्यांना माझ्या ओरडण्यावरून कळलं. ते हसले, टाळ्या वाजवल्या, पण झेल त्यांनी बघितला नाही.

बाबा नंतर पुन्हा येऊ शकले नाहीत. २००९ मध्ये गेले. कॅननने २०१० मध्ये घरगुती एसईडीचं काम थांबवलं आणि एसईडीसाठी काढलेली कंपनी गुंडाळली. एसईडी टीव्ही कुठल्याही दुकानात कधीच आला नाही. त्या काळात चांगला ४२ इंची प्लाझ्मा मला सहज परवडत होता. तो मी का घेतला नाही, याचं उत्तर मी आजही स्वतःला देऊ शकत नाही.

मायक्रो एलईडीबद्दल भावाला एवढं गणित दाखवा. ४के पडद्याला ८३ लाख ठिपके, प्रत्येकाला तीन रंगांचे तीन दिवे, म्हणजे जवळजवळ अडीच कोटी दिवे. प्रत्येक दिवा वेगळा बनवून उचलून पडद्यावर जागच्या जागी बसवायचा. दहा हजारांत एकच चुकला असं धरलं, तरी पडद्यावर अडीच हजार मेलेले ठिपके दिसतील. ते शोधून एकेक बदलायचे. सोनीने ५५ इंची नमुना २०१२ मध्ये दाखवला होता, तो फुल एचडी होता. १३ वर्षं झाली. २०२३ मध्ये भारतात सॅमसंगचा ११० इंची मायक्रो एलईडी आला तो १ कोटी १५ लाखांना. आकार लहान केला की दिवे आणखी बारीक करावे लागतात, म्हणून ५५ इंची स्वस्त होत नाही, उलट अवघड होतो. प्रदर्शनात दिसलेली वस्तू आणि आपल्या दुकानातली वस्तू यांच्यातलं अंतर मी पाच वर्षं मोजलंय. तुम्ही मोजू नका.

---

डोळस_नाशिक
२५ सप्टेंबर, दुपारी ३:१५

मी नेत्रतपासणीचं काम करते. ताई, आप्पांना एकदा उजवा डोळा झाकून आणि एकदा डावा झाकून पांढऱ्या भिंतीकडे बघायला सांगा. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट, तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश आधी अडवतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने भिंत पांढरी दिसेल, राहिलेल्या डोळ्याने चहा सांडल्यासारखी. हे इतक्या हळू होतं की माणसाला कळत नाही. कुठल्याही पडद्याचे रंग त्या भिंगातून गाळूनच आत जाणार.

दुसरं, अंतराबद्दल. आम्ही ६/६, म्हणजे निरोगी नजर, म्हणतो तेव्हा त्या डोळ्याला ९ फुटांवरून साधारण ०.८ मिलिमीटरचा फरक वेगळा दिसतो. ५५ इंची ४के पडद्याचा एक ठिपका सुमारे ०.३२ मिलिमीटरचा. म्हणजे आजचाच पडदा तरण्याताठ्या डोळ्यापेक्षाही बारीक आहे. याहून बारीक ठिपक्यांच्या ८के पडद्याच्या मागे कोणी लावत असेल तर त्याला हे दोन आकडेच दाखवा.

चकाकीला जपा. ऑपरेशननंतर काहींना तेजस्वी ठिकाणाभोवती वलयं दिसतात. अंधाऱ्या खोलीत एकदम प्रखर पडदा नको, टीव्हीमागे एक मंद दिवा ठेवा. खिडकीला जाड पडदा शिवा. आणि डाव्या डोळ्याची तारीख शक्यतो पुढे ढकलू नका.

---

गावभाग_सांगली
२५ सप्टेंबर, रात्री १०:००

भिंतीचं करून बघितलं. आप्पा आधी नको म्हणाले, मग तीन-तीनदा हात बदलून बघत बसले. म्हणाले, "हा रंग कधी दिला आपण?" भिंत २०२० मध्ये रंगवलीय, पूर ओसरल्यावर.

नंदूदादा, तुमचं लिहिलेलं भावाला पाठवलं. त्याचा फोन आला. टीव्हीबद्दल काही बोलला नाही, आप्पांशी वीस मिनिटं बोलला. नंतर मला मेसेज, "घे."

काका, दुकानात गेल्यावर काय बघू तेवढं सांगा.

---

जुनी_पिक्चरट्यूब
२६ सप्टेंबर, सकाळी ८:५०

दुकानात सगळे टीव्ही भडक मोडवर असतात आणि त्यावर मासे, मोर आणि न्यूयॉर्क चालू असतं. ते बंद करायला सांगा. सिनेमा मोड लावायला सांगा. दुकानात डीटीएच असेल तर साधं मराठी चॅनेल लावून माणसाचा चेहरा बघा. चेहरा माणसासारखा दिसला पाहिजे.

मग आईंसाठी बाजूला जाऊन उभ्या राहा, घरी त्या जेवढ्या तिरक्या बसतात तेवढ्याच. या टीव्हींच्या पडद्याच्या दोन जाती असतात, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनल समोरून छान, बाजूने फिकं पडतं. आयपीएस बाजूनेही टिकतं, पण काळा थोडा राखाडी. दोन्ही शेजारी लावून बघा, मग ठरवा. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं लावली की अक्षरांभोवती धुकं किती येतं तेही बघा, मिनी एलईडीत गट कमी असतील तर ते जास्त दिसतं.

७५ मधले ८-१० हजार साउंडबारला बाजूला ठेवा. सपाट टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात, म्हाताऱ्या माणसाला बोलणं कळत नाही आणि मग ते आवाज वाढवत बसतात. घरात भांडणं टीव्हीच्या चित्रावरून होत नाहीत, आवाजावरून होतात.

जुना प्लाझ्मा भंगारवाल्याला फोडायला देऊ नका, दुकानात जुना घेतात तिथेच द्या.

---

गावभाग_सांगली
३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११:२५

कळवायचं राहून गेलं, माफ करा. दसऱ्याला घेतला. ५५ इंची मिनी एलईडी, हरभट रोडच्या दुकानातून. पहिली मॅच हुकली, ती आप्पांनी शेजारी जाऊन बघितली. साउंडबारसह ७४ हजारांत बसलं. आईला सोबत नेलं होतं. तिने दुकानात एक खुर्ची मागितली, घरच्या कोनात ओढून घेतली आणि चार टीव्हींसमोर दहा-दहा मिनिटं बसली. विक्रेता बिचारा उभा. तिने जो निवडला तोच घेतला. बॅकलाइट ५५ वर आहे. खिडकीचा पडदा आईनेच शिवला, नव्या मशीनवर.

काल फायनल. नवी मुंबईत पाऊस, तीनची मॅच पाचला सुरू झाली. आप्पांना मी जेवून घ्या म्हणाले, ते ताट घेऊन तिथेच. स्मृती ४५ वर बाद झाली तेव्हा थोडा वेळ बोलले नाहीत. मग शफाली, मग दीप्ती, आणि बारा वाजून गेले तरी झोपेचं नाव नाही. भाऊ व्हिडिओ कॉलवर होता.

शेवटची विकेट. डी क्लर्कने उंच मारला आणि हरमनप्रीत मागे पळत गेली. दिव्यांच्या उजेडात पांढरा चेंडू. आप्पा खुर्चीतून अर्धे उठले, बोट वर करून चेंडूबरोबर फिरवत होते, तो तिच्या हातात पडेपर्यंत. आमच्यापैकी कोणीही ओरडायच्या आधी ते ओरडले.

नंदूदादा, हे तुम्हाला सांगायचं होतं.

मग बक्षीस समारंभ चालू असताना एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून बघत बसले. उजव्याने मुलींचे कपडे निळे, डाव्याने मळकट हिरवे असं म्हणाले. डाव्याची तारीख १२ नोव्हेंबर मिळालीय. मॅच रेकॉर्ड करून ठेवलीय का, असं आज उठल्या उठल्या विचारलं.